वाचकांचे प्रश्न : कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांनी काय करायचं?

पाठीचा कणा बाजूला वळतो त्या आजारावर, म्हणजे स्कोलिओसिसवर, शस्त्रक्रिया ठरलेल्या घरांतून आलेली पत्रं या वेळी घेतली आहेत. या शस्त्रक्रियेत स्क्रू आणि रॉड (धातूच्या सळ्या) बसवून कणा सरळ करतात आणि वाकातले मणके एकमेकांना जोडतात. उत्तरं कणाविकार विभागातल्या परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत. तुमच्या सर्जननी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐका. कोणते मणके जोडले आणि हाड किती मजबूत होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, नववीत आहे. एक्स-रेमध्ये वाक ५४ अंश आला. डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात. नातेवाईक म्हणतात, आधी पट्टा लावून बघा. एकाने हाडं बसवणाऱ्याचा पत्ताही दिलाय. दहावी होईपर्यंत थांबलं तर चालेल का? (एक वडील, कराड)

उत्तर : पट्ट्याची वेळ गेली. पट्टा वाढत्या वयात, साधारण २५ ते ४० अंशांच्या वाकासाठी देतात आणि तो दिवसातले १६ ते १८ तास घालावा लागतो. त्याचं काम वाक वाढू न देणं एवढंच. तो कणा सरळ करत नाही. छातीच्या भागातला ५० अंशांपुढचा वाक उंची वाढायची थांबल्यावरही वर्षाला अर्धा ते एक अंश वाढत राहतो, म्हणून तिथे शस्त्रक्रियेचा विषय निघतो. हाडं बसवणाऱ्याकडे मात्र नेऊ नका. इथे काही निखळलेलं नाही की ते बसवता येईल. मणके बाजूला वळलेत आणि स्वतःभोवती पिळलेतही; दाबल्याने ते जागेवर येत नाहीत.

थांबायचं की नाही हे परीक्षेपेक्षा तिच्या वाढीवर ठरतं. पाळी सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील आणि एक्स-रेत रिसर ग्रेड (हाडांची वाढ किती पूर्ण झाली हे सांगणारा ० ते ५ मधला आकडा) ४ किंवा ५ असेल, तर सुट्टी गाठण्यासाठी काही महिने थांबायला सर्जनची सहसा हरकत नसते. पाळी अजून आलीच नसेल, किंवा नुकती आली असेल, तर वाक झपाट्याने वाढू शकतो. मग दहावीचं वर्ष पुढे गेलं तरी चालेल. हे दोन मुद्दे घेऊन सर्जनना स्पष्ट विचारा : रिसर किती, आणि सहा महिने थांबलो तर जास्त मणके जोडावे लागतील का?

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की दप्तर जड होतं, आम्ही लक्ष दिलं नाही. दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने स्कोलिओसिस होत नाही. घरात हा विषय बंद करा, मुलीसमोर तर नक्कीच.

प्रश्न : खर्चाचा अंदाज मागितला तर प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा सांगतात. काय विचारायचं? (जळगाव)

उत्तर : एकूण आकडा विचारू नका, फोड मागा. स्क्रू किती, रॉड कशाचे, आयसीयूचे दिवस किती धरले, रक्त धरलंय का, आणि न्यूरोमॉनिटरिंग त्यात आहे का. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूतून पायांपर्यंत संदेश पोहोचताहेत की नाही हे न्यूरोमॉनिटरिंगने सतत बघतात. कणा सरळ करताना धोका दिसला तर सर्जनना तिथेच हात आवरता येतो. बिल कमी करायला दुसरं काहीही कापा, हे कापू नका. सरकारी योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन भरती व्हायच्या आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. बिल झाल्यावर गेलात तर फारसं काही हाती लागत नाही.

प्रश्न : मुलीच्या शस्त्रक्रियेची तारीख तीन आठवड्यांवर आली आहे. घरात आणि तिच्या बाबतीत काय तयारी करू? (एक आई, नाशिक)

उत्तर : पहिलं काम संडासाचं. उकिडवं बसणं बरेच आठवडे जमणार नाही. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची आणा, भाड्यानेही मिळते. कमोड असला तरी बुटका असेल तर वर उंच सीट बसवा आणि बाजूला धरायला आडवा दांडा लावून घ्या. मोरीत हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा आणि बादली स्टुलावर. जमिनीवरच्या बादलीतून तांब्या घ्यायचा म्हणजे वाकणं आलं, आणि तेच टाळायचंय.

कॉट एवढी उंच हवी की कडेला बसल्यावर पाय पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. जमिनीवरची गादी नको, आत रुतणारीही नको. उशा चार लागतील : एक डोक्याला, एक गुडघ्यांखाली, एक कुशीवर झोपल्यावर दोन पायांमध्ये आणि एक पाठीमागे टेकवायला. मोबाइल, पाणी, औषधं आणि बोलवायची घंटा बसल्या जागी हात पोहोचेल अशा उंचीवर ठेवा.

कपडे पुढून बटणांचे. पाठीवर हुक येणारी ब्रेसियर सुरुवातीला नको, सैल स्लिप चालते. बिनबंदाची, पण टाचेमागे पट्टा असलेली सँडल घ्या. साधी स्लिपर पायातून निसटते.

तिच्या बाबतीत : हिमोग्लोबिन आताच तपासून घ्या. कमी निघालं तर तीन आठवड्यांत गोळ्यांनी थोडंफार भरून निघतं, आदल्या दिवशी कळलं तर तारीख पुढे जाते. पाठीवर पिकलेले फोड, किडका दात, लघवीची जळजळ, केसांत उवा, यांतलं काहीही असेल तर आधीच सांगा. उवांचं सांगायला घरचे लाजतात आणि मग ऐन वेळी तारीख पुढे जाते. नेलपॉलिश आणि नखांवरची मेंदी नको, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात. केसांच्या दोन घट्ट वेण्या घाला. पाळीची तारीख जवळ आली म्हणून शस्त्रक्रिया सहसा रद्द होत नाही, फक्त परिचारिकेला सांगा आणि पॅड बॅगेत ठेवा.

कुशीवर वळून उठायचं कसं, हे मात्र आतापासून रोज चार वेळा करून घ्या. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम वळवायची, पाय कॉटखाली सोडायचे आणि खालच्या कोपराने व वरच्या हाताने रेटा देऊन बसायचं. अंगाला सवय असली की दुखत असतानाही ते जमतं. शिकवायची वेळ शस्त्रक्रियेनंतरची नव्हे.

प्रश्न : रुग्णालयात रात्री भाचीजवळ मी थांबणार आहे. पहिल्या चार दिवसांत काय दिसेल, आणि मी काय करायचं, काय नाही? (मावशी, ठाणे)

उत्तर : शस्त्रक्रिया साधारण चार ते सहा तास चालते, भूल देणं, पालथं झोपवणं आणि शुद्धीवर आणणं धरून बाहेर बसलेल्यांना ती सात-आठ तासांची वाटते. पहिली रात्र बहुतेक ठिकाणी आयसीयूत. तिला पाहाल तेव्हा दचकू नका : एवढा वेळ पालथं असल्याने चेहरा आणि पापण्या सुजलेल्या असतात, एक-दोन दिवसांत सूज उतरते. लघवीची नळी असते, पाठीला ड्रेनची (जखमेतलं रक्त बाहेर काढणारी) बाटली असू शकते. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन ‘पायाची बोटं हलव’ म्हणेल. अर्ध्या रात्री झोपमोड झाली तरी त्यांना अडवू नका.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ काहींना जाणवते. पालथं असताना कमरेच्या हाडापाशी एक नस दबते, त्यामुळे. ती काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत सुटते. पायाची शक्ती कमी वाटणं ही वेगळी गोष्ट. ती लगेच सांगायची.

वेदनेसाठी बटण दाबून औषध सोडायचा पंप मिळाला, तर ते बटण फक्त तिने दाबायचं. कण्हते आहे म्हणून तुम्ही दाबलंत तर घात होऊ शकतो. गुंगी आलेला रुग्ण स्वतः बटण दाबत नाही, हीच त्या यंत्राची सुरक्षा आहे. दुसऱ्याने दाबलं की ती जाते आणि श्वास मंदावू शकतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची. ओंडका लोटावा तसं सगळं अंग एकत्र वळवायचं, खांदे आधी आणि कंबर मागून असं नाही. यासाठी परिचारिकेला बोलवा. तुम्ही एकट्याने काखेत हात घालून वर ओढू नका, हात धरून बसतं तर मुळीच करू नका.

पहिल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट कॉटच्या कडेला बसवतील, दुसऱ्या दिवशी उभं करून खुर्चीपर्यंत नेतील, तिसऱ्या-चौथ्या दिवशी व्हरांडा आणि मग जिना. पहिल्यांदा उभं राहताना घेरी येते, कारण रक्त गेलेलं असतं आणि औषधांनी रक्तदाब खाली असतो. उठण्याआधी दोन मिनिटं पाय सोडून बसवा. ‘डोळ्यांपुढे अंधारी येतेय’ म्हणाली की पुन्हा झोपवा, तासाभराने पुन्हा प्रयत्न. सगळ्यांत वाईट दिवस बहुधा दुसरा-तिसरा असतो. शिरेतलं औषध बंद होऊन गोळ्या सुरू होतात, भुलेचा अंमल संपलेला असतो आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागलेली असते. रांग तुम्ही थांबवा. रुग्णालयात तुमचं सर्वांत उपयोगी काम हेच.

आतडी सुस्तावल्याने पोट फुगतं. घोट घोट पाणी, नारळपाणी, पातळ वरण. गॅसची पेयं नकोत. गॅस सुटायला चालण्यासारखा उपाय नाही.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, मुलीला तीन महिने पाठ टेकून पडू द्या, आंबट आणि भात बंद, जखमेवर हळद. मी काय करू? (सून, सोलापूर)

उत्तर : सासूबाईंचा पडून राहण्याचा सल्ला जुन्या काळच्या शस्त्रक्रियेला लागू होता. १९६०च्या दशकात हॅरिंग्टन रॉड बसवायचे, तो फक्त वरखाली दोन टोकांना हुकांनी अडकलेला असायचा. म्हणून रुग्णाला महिनोन्महिने प्लास्टरमध्ये ठेवत. आता जोडायच्या बहुतेक मणक्यांत स्क्रू आणि दोन्ही बाजूंना रॉड असतात, बसण्या-चालण्याचा भार ते पहिल्या दिवसापासून पेलतात. पडून राहिल्याने छातीत कफ साठतो, बद्धकोष्ठ होतो, स्नायू झडतात. घरी आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा पाच-दहा मिनिटं चालायचं आणि आठवड्या-आठवड्याने वाढवायचं. खुर्चीत सुरुवातीला एका वेळी २०-३० मिनिटं. सोफा नको, सरळ पाठीची, हात असलेली खुर्ची.

बंदी आहे ती तीन गोष्टींची : कमरेत वाकणं, अंग पिळणं, वजन उचलणं. पहिल्या सहा आठवड्यांत दोन-तीन किलोंच्या वर काही नाही. पाण्याने भरलेली कळशी नाही, धाकटं भावंड नाही. स्क्रूंनी कणा धरून ठेवलाय तो तात्पुरता. खरी जोडणी मधे भरलेल्या हाडाच्या चुऱ्याने होते आणि तिला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर पुन्हापुन्हा ताण आला तर हाड जुळत नाही, आणि न जुळलेल्या जागी रॉड कधीतरी तुटतो. पाटावर बसून जेवणं, सूर्यनमस्कार, झाडू-फरशी, हे सर्व सर्जननी मोकळीक दिल्यावरच.

खाण्यात काहीच बंद नाही. आंबटाने जखम पिकत नाही, जंतूंनी पिकते. उलट दही, ताक, लिंबू, भात, सगळं द्या. या शस्त्रक्रियेनंतर मुलींचं दोन-चार किलो वजन सहज उतरतं, कारण भूकच लागत नाही. दोन वेळच्या ताटाचा आग्रह सोडा, दर दोन तासांनी थोडं द्या : अंडं, पनीर, घट्ट वरण, शेंगदाण्याची चिक्की, सत्त्वाची पेज, दुधातून खजूर. ४५ किलोच्या मुलीला दिवसाला ६०-७० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं बघा. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, त्यामुळे नुसत्या वरणभाताने हिशेब बसत नाही.

हळद, तेल, पावडर, कडुलिंब, जखमेवर काहीही नको. टाके निघेपर्यंत किंवा सर्जन सांगेपर्यंत, साधारण १० ते १४ दिवस, पाठ कोरडी ठेवून अंग पुसून घ्या. सासूबाईंना हळद घालायचीच असेल तर दुधात घालू द्या.

प्रश्न : घरी आल्यावर औषधं किती दिवस? आणि कोणत्या गोष्टीला घाबरायचं? (छत्रपती संभाजीनगर रोड, अहिल्यानगर)

उत्तर : पहिला आठवडा औषधं घड्याळाप्रमाणे द्या, दुखेपर्यंत थांबू नका. रात्रीचा डोस चुकला की पहाटे वेदना इतकी चढलेली असते की पुढचे दोन डोस तिला खाली आणण्यातच जातात. भिंतीवर कागद लावा : औषध, वेळ, कोणी दिलं. दोन माणसं औषध देत असतील तर हा कागद हवाच.

इथे हमखास होणारी चूक पॅरासिटामॉलची. ट्रॅमाडॉल या वेदनेच्या औषधाच्या जोडगोळीत (एकाच गोळीत दोन औषधं) बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यावर ताप आला म्हणून ६५० ची गोळी दिली की यकृतावर भार पडतो. मुलांमध्ये एका वेळी वजनाच्या प्रत्येक किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास आणि दिवसात चार डोस, ही मर्यादा सगळ्या गोळ्या मिळून आहे. गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन (नसांच्या वेदनेची औषधं) दिलं असेल तर ते स्वतःहून एकदम बंद करू नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं सर्जनना विचारल्याशिवाय नकोत.

ट्रॅमाडॉल, मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी बद्धकोष्ठ होणारच. पहिल्या दिवसापासून लॅक्टुलोज किंवा डॉक्टरांनी दिलेलं रेचक चालू ठेवा. पाणी पुरेसं जात नसेल तर इसबगोलाने उलट खडा होतो. तीन दिवस शौचाला झाली नाही तर फोन करा.

पहिल्या दोन-तीन दिवसांतला हलका ताप बऱ्याच जणांना येतो. घरी आल्यावर १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, कोरडी झालेली जखम पुन्हा ओली होणं, दुर्गंधी, कडा लाल आणि गरम होणं, ही जंतुसंसर्गाची चिन्हं. त्याच दिवशी दाखवा, गावातल्या दवाखान्यात अँटिबायोटिक सुरू करून वाट बघू नका. पायात नवी कमजोरी, लघवी अडणं किंवा नकळत होणं, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं : रात्र असली तरी रुग्णालय गाठा.

आणखी एक, कारण ते ‘पित्त’ म्हणून घरीच काढलं जातं. बारीक अंगाच्या मुलीला आठवड्या-दोन आठवड्यांत वारंवार हिरव्या उलट्या होऊ लागल्या आणि पोटाचा वरचा भाग फुगला, तर कणा सरळ झाल्याने लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग रक्तवाहिन्यांमध्ये चिमटला असू शकतो. यावर पित्ताची गोळी चालत नाही. भरती करून सलाईन आणि नळीने अन्न द्यावं लागतं.

प्रश्न : पुण्याहून कोल्हापूरला कसं न्यायचं? (एक भाऊ)

उत्तर : मोटारीने, पुढच्या सीटवर, पाठ थोडी मागे करून, सीट बेल्ट लावून. मागे आडवं झोपवून नेऊ नका. ब्रेक लागला की अंग पिळतं. निघण्याआधी अर्धा तास वेदनेची गोळी, घाटात मळमळते म्हणून उलटीची गोळी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. दर पाऊण-एक तासाने उतरून पाच मिनिटं चालायचं, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरला सहा तास धरा. दुचाकीवर तीन महिने मागेही बसवायचं नाही.

प्रश्न : भाऊ १९ वर्षांचा. शस्त्रक्रिया चांगली झाली असं सगळे म्हणतात, पण तिसऱ्या आठवड्यापासून तो कोणाशी बोलत नाही, चिडतो. खांदा अजून वाकडाच आहे म्हणतो. (बहीण, पणजी)

उत्तर : दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हे फार दिसतं. येणारी-जाणारी माणसं कमी होतात, झोप तुटक असते, प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याचा हात लागतो. खांद्याचं तो खोटं बोलत नाहीये. मेंदूला वर्षानुवर्षं वाकड्या पाठीची सवय असते, त्यामुळे सरळ झाल्यावर ‘एका बाजूला कलतोय’ असं वाटतं. खांदेही कित्येकदा काही महिन्यांत हळूहळू समपातळीत येतात. त्याला ‘देवाचे आभार मान’ वगैरे सांगू नका. त्याचं त्याला करता येईल असं काहीतरी परत करा : दाढी, स्वतःच्या गोळ्यांचा कागद, संध्याकाळचं चालणं मित्राबरोबर, आईबरोबर नाही. महिनाभरात फरक नाही, जेवण-झोप गेली, जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच न्या.

प्रश्न : बायको ६३ वर्षांची. वयोमानाने कणा वाकलाय, खालचे मणके थेट कमरेच्या हाडापर्यंत जोडणार म्हणतात. मुलांच्या शस्त्रक्रियेसारखंच असतं का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. मुलांना सहा आठवड्यांत जे जमतं त्याला इथे चार-सहा महिने लागतात. गुंतागुंतही बरीच जास्त. आधी तीन गोष्टी पक्क्या करा : हाडांची घनता डेक्सा तपासणीने बघणं (ठिसूळ हाडात स्क्रू सैल होतात, म्हणून काही महिने औषध देऊन मग शस्त्रक्रिया करतात), साखर आटोक्यात, आणि मिशरी-तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनमुळे हाड जुळत नाही. मिशरी ‘फक्त दातांना’ लावतात म्हणून ती तंबाखूत धरली जात नाही, तिथेच फसगत होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या, ते लिहून घ्या.

एक प्रश्न संकोचामुळे कोणी विचारत नाही. कमरेच्या हाडापर्यंत जोडणी झाली की शौचानंतर धुणं, पायात मोजे घालणं, पायाची नखं कापणं अवघड होतं, काहींना कायमचं. जेट स्प्रे बसवा, लांब दांड्याचा चिमटा आणि शूहॉर्न आणा, आणि हे दोघांनी आधी मोकळेपणाने बोलून घ्या.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही रात्री त्या भलतंच बोलतील, नळ्या ओढतील, तुम्हाला ओळखणार नाहीत असंही होऊ शकतं. चष्मा आणि श्रवणयंत्र लगेच द्या, खोलीत घड्याळ ठेवा, रात्री ओळखीचं माणूस जवळ हवं. बहुधा काही दिवसांत निवळतं, पण डॉक्टरांना सांगा. पुढे कधी जोडलेल्या भागाच्या वर अचानक दुखू लागलं किंवा पुढे वाक आला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता एक्स-रे.

प्रश्न : शाळा, खेळ, विमानतळ, एमआरआय... आणि धाकटीचं काय? (आई-बाबा, डोंबिवली)

उत्तर : शाळा चार ते सहा आठवड्यांनी, पहिले दोन आठवडे अर्धा दिवस. पुस्तकांचा एक संच शाळेत, एक घरी. मधल्या सुट्टीच्या धक्काबुक्कीआधी पाच मिनिटं वर्गाबाहेर पडायची परवानगी लेखी घ्या. पोहणं साधारण तीन महिन्यांनी, कबड्डी-खोखो सहा महिने ते वर्षानंतर आणि एक्स-रे पाहूनच. टायटॅनियमचे स्क्रू असले तरी एमआरआय करता येतो, त्या भागाचं चित्र थोडं अस्पष्ट येतं. विमानतळावर यंत्र वाजलंच तर डिस्चार्जचा कागद पुरतो. जखमेचा व्रण वर्षभर उन्हापासून झाका. पुढे बाळंतपणाला अडचण नसते, मात्र कण्यात सुई देण्याआधी भूलतज्ज्ञांना रॉडचा एक्स-रे दाखवायचा.

धाकट्या बहिणीला उघड्या पाठीने, पाय जुळवून, हात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या पातळीला डोळा लावून बघा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कमरेचा भाग वर आलेला दिसला तर एक्स-रे. काही दिसलं नाही तरी वाढ थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा.